'भेट'च्या ओळीतलं एक नाव

भांडुप, ६ जानेवारी २०२५

प्रिय स्वरदा,

फोनच करणार होते, पण उजव्या कानाने साथ सोडलीय आणि डाव्याला फोनवरचं अर्धंच कळतं. समोरचा मग ओरडून बोलतो आणि मला उगाच अपराधी वाटतं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

'भेट'चा सर्व्हर आता तू सांभाळतेस, म्हणून काम तुलाच सांगते. शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या घरची माणसं 'भेट'च्या पत्त्यावर मेल पाठवतात, तो आपल्या सगळ्यांना येतो आणि ज्याला जमेल तो जातो. मला डिसेंबरच्या मध्यापासून त्यातला एकही आलेला नाही. आधी बरं वाटलं, म्हटलं कुणाला गरज नाही. पण मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत इतके दिवस कुणीच अंथरुणाला खिळलेलं नाही, असं होत नाही गं. हॉस्पिटलात नर्स म्हणून जन्म काढला, एवढं कळतं.

आता खरं विचारते. घाटकोपरच्या त्या आजोबांच्या मुलीने आपल्या गटाच्या डॉ. प्रांजलकडे माझी तक्रार केली होती. मी बाहेरच्या खोलीत होते, आजोबा आतून हाक मारत होते आणि मला ऐकू गेलं नाही. डॉक्टर मला काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर महिन्याभरातच हे मेल बंद झाले. मला काढून टाकलं असेल तर तसं सांग. तुझ्या आईपाशी बसले होते मी, आपल्यात आडपडदा नको.

मला जास्त काळजी द्रौपदीबाईंची आहे. मुलुंडच्या त्या म्हाताऱ्या, ज्यांची मी वेणी घालते. सुनेलासुद्धा डोक्याला हात लावू देत नाहीत. "माझ्या केसांक दुसऱ्या कोणाचो हात नको गो," म्हणतात. दिवाळीनंतर लेकीकडे देवनारला गेल्या. परत आल्या की सून, रुक्मिणी, 'भेट'वर कळवणार होती. शेवटपर्यंत मी येईन असा शब्द दिलाय त्यांना. त्या परत आल्या आणि मला कळलंच नाही, असं व्हायला नको.

सवडीने बघ. घाई नाही, असं लिहिणार होते, पण आहे.

तुझी,
सुलक्षणाताई

\*

बोरिवली, ७ जानेवारी

प्रिय सुलक्षणाताई,

तुम्हाला कुणी काढून टाकेल? डोक्यातून काढा ते आधी.

माझं हे पत्र तुम्हाला मिळालं, म्हणजे तुमची मेलची पेटी ठीक आहे. राहिला 'भेट'. ती खरी पेटी नाही, ते नुसतं नाव आहे. सर्व्हरवर त्या नावापुढे एका ओळीत तुम्हा सगळ्यांचे पत्ते लिहिलेले आहेत. 'भेट'ला काही आलं की सर्व्हर ती ओळ बघतो आणि प्रत्येकाला एकेक प्रत धाडतो. चाळीच्या तोंडाशी एकाने निरोप घ्यावा आणि सगळ्या खोल्यांत सांगत जावा, तसं.

काल ऑफिसातून आल्यावर नोंदी उघडल्या. 'भेट'वर आलेल्या प्रत्येक मेलपुढे 'पोचला' असं लिहिलं आहे. कुठे काही अडकलेलं नाही. तेव्हा मेल तुमच्याकडे येऊन नको त्या फोल्डरमध्ये पडत असतील, असं मला वाटतं. डावीकडे 'स्पॅम' म्हणून कप्पा आहे, तिथे बघा. सापडले तर एकेक उघडून 'स्पॅम नाही' करा, पुढचे सरळ येतील.

ऑफिसात वर्षअखेरीची कामं अजून संपलेली नाहीत, म्हणून थोडक्यात लिहिते. पण काळजी करू नका, किरकोळ काहीतरी असणार.

तुमची,
स्वरदा

\*

भांडुप, ९ जानेवारी

प्रिय स्वरदा,

स्पॅम पाहिला. लॉटरी लागल्याचे आणि गुडघ्याच्या तेलाचे पुष्कळ निघाले. 'भेट'चा एक नाही.

काल भाजी घेताना आपल्या गटातली श्वेता भेटली. नेहमी गळ्यात पडणारी मुलगी, काल मेथीची जुडी उलटसुलट करत राहिली. "ताई, तुम्ही आराम करा. कुणी काही मनात धरलेलं नाही," म्हणाली. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. आपला नियमच आहे ना, कोण का गेलं नाही हे एकमेकांना विचारायचं नाही. एखाद्या दिवशी एखाद्याला नाही सोसत मरणाच्या दारात बसणं, त्याला जाब द्यायला लागू नये. डॉक्टरांनी हा नियम केला तेव्हा मीच सगळ्यांत आधी मान डोलावली होती. काल मात्र तोच नियम पाळून दोघी आपापल्या वाटेने गेलो.

घरी आल्यावर मनात आलं, म्हणजे बाकीच्यांना मेल येताहेत. मला सोडून सगळ्यांना.

नितेशला काही सांगितलेलं नाही. हा सर्व्हर त्यानेच बसवला होता, विचारलं असतं तर लगेच बघितलं असतं त्याने. पण आई आता घरी बसणार म्हटल्यावर तो आनंदी होईल आणि तो आनंद मला बघायचा नाही. त्याचे बाबा गेल्यापासून तो माझ्याकडे असा बघतो, जसं मी काचेचं भांडं आहे.

तू शोध. काही वाईट निघालं तरी सांग.

सुलक्षणाताई

\*

बोरिवली, ११ जानेवारी

प्रिय सुलक्षणाताई,

परवा तुमचं पत्र वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी 'पोचला' एवढं वाचून थांबले होते. कुणाकुणाला पोचला, ते मोजलंच नव्हतं. आज शनिवार, सकाळीच बसले. ओळीत तुमचं नाव नाही.

ते मी परत लिहिलं. चाचणी घेतली, आता तुमच्यापर्यंत येईल. डॉ. प्रांजलना फोन करून विचारलं. त्यांनी काढायला सांगितलेलं नाही, हे अगदी नक्की. उलट त्यांना वाटत होतं की तक्रार तुमच्या मनाला लागली आणि तुम्हीच जात नाही आहात. नियमामुळे त्याही गप्प.

नाव कसं गेलं ते मला नीट लावून बघू दे. दोन-तीन दिवस द्या. मग सगळं लिहिते.

स्वरदा

\*

बोरिवली, ११ जानेवारी

नितेश,

हे पत्र तुला एकट्याला आहे. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता.

'भेट'च्या ओळीतून तुझ्या आईचं नाव तू काढलं होतंस. अंदाज नाही, सर्व्हरवरच्या फायलींत कुणी काय बदललं हे टिपून ठेवणारं साधन तूच बसवलंस, त्यात दिसतंय. तारीख दीड वर्षापूर्वीची आहे. तुझ्या बाबांचं, चंद्रप्रकाशकाकांचं तेरावं झालं त्याच आठवड्यातली.

मग मेल आत्ता डिसेंबरात का थांबले, हे मला सकाळभर कळत नव्हतं. मग लक्षात आलं. सर्व्हर ती फाइल वाचतच नाही रे. तो तिची पक्की केलेली प्रत वाचतो आणि ओळ बदलली की एक आज्ञा देऊन ती प्रत नव्याने करावी लागते. तू नाव खोडलंस आणि आज्ञा द्यायची विसरलास. तुझ्यासारखा माणूस हे विसरतो, म्हणजे तेव्हा तुझं चित्त कुठे असेल ते मी समजू शकते. दीड वर्ष तुझं ते खोडणं तिथे नुसतं पडून राहिलं. डिसेंबरात आपला नवीन फिजिओथेरपिस्ट सम्यक गटात आला, त्याचं नाव मी ओळीच्या शेवटी लिहिलं आणि आज्ञा दिली. ओळ वरपासून वाचून पाहिली नाही. त्याच क्षणी तो आत आला आणि तुझी आई बाहेर गेली. माझ्या हाताने.

तुझ्या आईला वाटतंय, बहिरी झाली म्हणून तिला टाकलं. हे तिला तू सांगायला हवंस. मी सांगितलं तर ती चहाडी होईल आणि तुमच्यात कायमचं काहीतरी मोडेल.

आणखी एक. द्रौपदीबाई म्हणून एक रुग्ण देवनारहून मुलुंडला परत आल्या आहेत. त्यांच्या सुनेने 'भेट'वर पुन्हापुन्हा लिहिलं आहे, 'सुलक्षणाताईंना पाठवा, सासूबाई विचारतात.' बाकीच्यांना वाटलं, ताईंना मिळालंच आहे, जायचं नसेल त्यांना. म्हणून गटातले प्रीतम आणि श्वेता आळीपाळीने जातात. शेवटचा मेल मंगळवारचा. नंतर सुनेने लिहिणं सोडलेलं दिसतं. सर्व्हरवर प्रत्येक मेलची प्रत राहते, त्यामुळे हे मेल माझ्यासमोर आहेत. ते पुढे धाडले की तुझी आई विचारणार, इतके दिवस हे कुणी अडवलं. श्वेता म्हणते, बाई बऱ्या आहेत, पेज घेतात. म्हणून थांबते आहे. पण फार नाही. सोमवारपर्यंत तू बोल.

स्वरदा

\*

दिंडोशी, १२ जानेवारी

स्वरदाताई,

तुझं पत्र वाचलं आणि श्रुतिकाने विचारलं, तब्येत बरी आहे ना. बायको असून तिलाही हे माहीत नाही.

खोटं बोलत नाही. मीच काढलं. बाबांचं सगळं उरकून पाहुणे गेले आणि तिसऱ्याच दिवशी आई भेटीला निघाली. कुणीतरी अनोळखी माणूस शेवटच्या घटका मोजत होता, त्याच्याकडे. परत आली, आंघोळ केली, बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. अंधार पडला तरी उठली नाही. मी दारात उभा. तिला म्हटलं असतं की नको जाऊस, तर ऐकून घेतलं असतं आणि उद्या परत गेली असती. म्हणून लॅपटॉप उघडला आणि तिचं नाव खोडलं. महिनाभर मेल आले नाहीत तर तिला सवय सुटेल, असा विचार. आत्ता लिहिताना कळतंय किती बावळट होता तो.

पण मेल येतच राहिले. ती जातच राहिली. मला वाटलं, डॉक्टरांनी बघितलं, गुपचूप नाव परत घातलं आणि माझी लाज राखली. दीड वर्ष मी त्यांच्यासमोर जायचं टाळतोय, ताई. नोकरी बदलली म्हणून सर्व्हर तुला दिला, असं सांगितलं ना मी? ते अर्धंच खरं होतं. आज्ञा द्यायची राहिली, हे एकदासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. माझी वाट लागायची ती लागू दे, पण तिला आता धक्का नको.

एकच मागणं आहे. मंगळवारी संक्रांत आहे. आम्ही दोघं तिळगूळ घेऊन भांडुपला जाणारच आहोत. त्या दिवशी सांगतो. उद्या अचानक कामाच्या दिवशी उगवलो तर दारातच तिच्या काळजाचा ठोका चुकेल. सणाच्या दिवशी माणूस जरा नरम असतो. एक दिवस जास्त दे, प्लीज.

नितेश

\*

बोरिवली, १२ जानेवारी

नितेश,

ठीक आहे. मंगळवारी. त्यापुढे नाही.

स्वरदा

\*

भांडुप, १४ जानेवारी

स्वरदा,

तुझी दुरुस्ती झाली. आज सकाळी 'भेट'वरून मला मेल आला. महिन्यानंतरचा पहिला.

रुक्मिणीचा आहे. द्रौपदीबाई पहाटे गेल्या.

त्या देवनारहून कधी आल्या होत्या? मेलमध्ये लिहिलंय, 'तुम्ही सर्वांनी इथे येऊन खूप केलंत.' सर्वांनी म्हणजे कुणी? मी तिकडेच निघाले आहे. संध्याकाळी घरी येईन, तोवर मला लिहून ठेव. आता लावून बघायला काही राहिलेलं नाही.

\*

बोरिवली, १४ जानेवारी

सुलक्षणाताई,

शनिवारपासून 'भेट'चे मेल मी सर्व्हरवर बघते आहे, त्यामुळे रुक्मिणीचा मेल तुमच्याआधी मी पाहिला असेन, निदान त्याच वेळी. हातात चहा होता, तो तसाच गार झाला. ऑफिसला गेले नाही.

तुमचं नाव नितेशने काढलं होतं. कधी आणि का, ते तो तुम्हाला आज सांगणार होता. त्याचं पत्र मी तुम्हाला देणार नाही, त्याच्या तोंडून ऐका. दीड वर्षापूर्वी त्याने काढलेलं नाव गेल्या महिन्यात माझ्या एका आज्ञेने खरोखर निघालं. मी ओळ न वाचता ती आज्ञा दिली. इथवर ज्याला चूक म्हणता येईल ती आमच्या दोघांची.

यापुढचं चूक नाही, ताई. द्रौपदीबाई डिसेंबरच्या शेवटी परत आल्या होत्या. रुक्मिणी तुमचं नाव घेऊन लिहीत होती. हे मला शनिवारी सकाळी कळलं. ते मेल मी त्याच वेळी तुम्हाला पाठवू शकले असते, कारणं नंतर सांगता आली असती. मी पाठवले नाहीत. तुम्ही विचाराल आणि मला नितेशचं नाव सांगावं लागेल, म्हणून. त्याला स्वतः सांगायची संधी मिळावी म्हणून. त्याने संक्रांतीपर्यंत मागितलं आणि मी तेही दिलं. बाई पेज घेताहेत असं मला श्वेताने सांगितलं होतं आणि मला ते खरं धरायचं होतं, म्हणून मी ते धरलं. तुम्ही स्वतः लिहिलं होतंत की घाई आहे. तरीही.

सगळे मेल यासोबत जोडले आहेत. उशिरा. वाचायचे नसतील तर वाचू नका.

माझी आई गेली तेव्हा तुम्ही तिच्यापाशी होतात आणि मी अंधेरीला मीटिंगमध्ये. तुम्ही मला सांगितलं होतं, ती एकटी नव्हती. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं उभी आहे. द्रौपदीबाईंच्या वाट्याला तुम्ही आला नाहीत, हे माझ्यामुळे झालं.

स्वरदा

\*

भांडुप, २० जानेवारी

स्वरदा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते वाईट लिहिलं असतं.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा त्यांना आंघोळ घालून झाली होती. मी पिशवीतून तेल नेलं होतं. डोकं पाहिलं तर केस नाहीत. बारीक कापलेले, मुलाचे असतात तसे. रुक्मिणी म्हणाली, जट झाली होती, कुणाला हात लावू देत नव्हत्या, ताप चढला तेव्हा रविवारी कापले. त्या वेळी त्यांनी हात अडवला नाही म्हणे. माझ्याबद्दल आधी रोज विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. रुक्मिणी हे रागाने म्हणत नव्हती. मला चहा देऊन, माझा हात धरून सांगत होती. माझं काही आजारपण निघालं असेल, असं तिने मनाशी धरलं होतं. मी तिला खरं सांगितलं. तुमचा निरोप माझ्यापर्यंत आला नाही, एवढंच. कुणामुळे, ते सांगितलं नाही.

घरी आले तर नितेश आणि श्रुतिका दाराशी. नवे कपडे, हातात डबा. मी कुठून आले ते त्याला तोंडावरूनच कळलं. मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर तो त्याच जागी उभा होता. उभ्याउभ्याच सगळं म्हणाला. बाबांच्या वेळचं, खुर्चीचं, नाव खोडल्याचं. म्हणाला, "तू तशी बसलेलीस ना, ते मला बघवत नव्हतं."

मी म्हटलं, "मग शेजारी येऊन बसायचं होतंस."

त्यावर तो लहानपणी रडायचा तसा रडला. श्रुतिकाने डबा ओट्यावर ठेवला आणि ती आत गेली. समजूतदार आहे पोरगी. मी त्याला जवळ घेतलं नाही लगेच. थोड्या वेळाने घेतलं. माझा मुलगा आहे, त्याचं आणि माझं चालत राहील. काल परत आला होता, काही कारण नव्हतं. बसला आणि गेला.

तुझं निराळं आहे. तू मला जीव लावतेस, मला माहीत आहे. पण शनिवार, रविवार, सोमवार, हे दिवस माझे होते आणि द्रौपदीबाईंचे होते. ते तू उचलून नितेशला दिलेस. का, तर त्याला माझ्याशी नीट बोलता यावं. आणि त्याने ते सणासाठी राखून ठेवले. तुम्ही दोघं मला धक्का लागू नये म्हणून जपत होता आणि तिकडे ती बाई माझी वाट बघायची सोडत होती. मी तेव्हा घरी होते गं. रविवारी दुपारभर रिकामी बसून वाल सोलत होते. मुलुंड इथून किती लांब आहे?

तुझं पत्र खरं आहे आणि ते तू लपवलं नाहीस, हेही मी धरून आहे. पण खरं लिहिल्यामुळे ते बरं झालं, असं मला अजून वाटत नाही. कधी वाटेल ते सांगता येत नाही.

डॉ. प्रांजलकडे मी जाऊन आले. कानांचं स्वतः सांगितलं. घाटकोपरच्या मुलीची तक्रार खरी होती, ते आजोबा पुष्कळ वेळ हाक मारत होते. ते मी तुला पहिल्या पत्रात जरा कमी करून लिहिलं होतं. गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. यंत्र बसेपर्यंत एकटी जाणार नाही, सम्यकबरोबर जाईन. तो तरुण आहे, हाक आली की आधी त्याला कळेल आणि पुढे काय करायचं ते मला कळेल. श्वेता आणि प्रीतमशी बोलले. त्या नियमाचं काय करायचं यावर सगळे बसणार आहोत. मला तो मोडायचा नाही, पण निदान 'निरोप मिळाला का' एवढं विचारायला हवं. तेवढ्याने कुणाला जाब विचारल्यासारखं होत नाही.

माझं नाव ओळीत राहू दे. ते काढायचं झालं तर मी सांगेन, दुसरं कुणी नाही. आज दुपारी एक मेल आलाय, मुलुंडचाच, पंचावन्न वर्षांचा माणूस आहे, बायको एकटी करते. उद्या सकाळी आम्ही दोघं जातोय.

तू मला लिहीत राहा. आईच्या आठवणी लिही, ऑफिसचं लिही, काहीही. मी वाचेन. उत्तर मात्र काही दिवस देणार नाही, मन अजून तयार नाही. म्हणून सांगून ठेवते, उत्तर आलं नाही तर सर्व्हर उघडून बसू नकोस. तुझं पत्र मला मिळालेलं असेल.

सुलक्षणाताई